डावीकडचा पत्रा

नाशिक जिल्ह्यात जुन्या गाड्या विकणारा असा एकही माणूस नसेल, ज्याने माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, यजमानांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या नसतील. भाऊजींनी आयुष्यात एकही जुनी गाडी विकत घेतली नव्हती. पण इतरांना किती गाड्या घेऊ दिल्या नाहीत, याची गणती नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. ती वळली विलायती सलून गाड्यांकडे: गोल दिव्यांच्या, फुगीर गालांच्या, बोटीतून आलेल्या. त्यांच्या डाव्या खिशात लोहचुंबक असतो, रंगावर ओरखडा नको म्हणून ताईच्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला. उजव्या खिशात खडू. चुंबक पत्र्याला चिकटतो, गंज बुजवायच्या पुट्टीला चिकटत नाही, एवढ्या एका सत्यावर त्यांनी कित्येक सौदे मोडले. चुंबक जिथून घसरेल तिथे ते खडूने गोल काढतात. एका डॉक्टरांच्या गाडीवर इतके गोल झाले की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, हिला गोवर झालाय का?”

स्थळ-काळाचं भान त्यांना नाही. गंगापूर रोडला एका लग्नात नवरदेव फुलांनी सजवलेल्या जुन्या गाडीतून आला. बँड वाजतोय, सुवासिनी ओवाळायला उभ्या, आणि भाऊजी झेंडूच्या माळेखालून हात घालून बॉनेटवर चुंबक फिरवतायत. वरात थांबली. नवरदेवाच्या वडिलांना वाटलं, हा काही मानपानाचा प्रकार असेल. त्यांनी वाकून नमस्कार केला. भाऊजींनी आशीर्वाद देत सांगितलं, “मुलगा चांगला आहे. गाडी मात्र अर्धी पुट्टीची, आणि इंजिन डिझेलचं घातलंय. फसू नका.” त्या लग्नाचं जेवण आम्ही मान खाली घालून जेवलो.

गेल्या वर्षी मात्र प्रकरण गंभीर झालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, साखरेने पडद्याला धरलंय. वर्षभर दिवसाउजेडी गाडी चालवा, पुढचं मी सांगत नाही. त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली.

“चाळीस वर्षं हा माणूस सांगतोय, तुला तसल्या गाडीतून सायखेड्याला माहेरी नेईन. मी आपली एसटीने जातेय. विंचूरला एक गाडी विकायला निघालीये. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नाही, म्हणजे गाडीखाली तूच जाणार. खाली काय दिसायचं ते दिसू दे, पण तू बोलू नकोस.”

“ताई, मी यादीत खोटं लिहिणार नाही.”

“लिहू नकोस. बोलूही नकोस!”

इथे माझा स्वभाव सांगायला हवा. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून घरच्या दिवाळीपर्यंत सगळ्याच्या याद्या मी करते, आणि यादीत एक चौकोन जरी रिकामा राहिला तरी मला घास गिळत नाही. भाऊजींनी मला बेचाळीस कलमं सांगितली होती. मी ती कोऱ्या कागदावर चौकोनांसह उतरवली, पुठ्ठ्याला चिमटा लावला, बॅटरी घेतली, गोणपाट घेतलं.

गाडी एका कांद्याच्या आडतदाराच्या शेडमध्ये उभी होती. दुधाच्या सायीचा रंग, चारही दारं जागच्या जागी. आडतदार म्हातारे, टोपीवाले, घाईत.

“बघा निवांत. पर बारा वाजता मुंबईचं गिऱ्हाईक येतंय. त्याला काय बघायचं नाय, न्यायचीच हाय.”

साडेदहा झाले होते. ताई शेडच्या दारात पदराचं टोक पिळत उभी राहिली.

भाऊजींनी दारांची रबरं उचलून खालचा रंग पाहिला. काचांवरच्या खुणा जुळवल्या. चुंबक चिकटत गेला. खडू खिशातच राहिला. मग बॉनेट उघडलं आणि ते थबकले. नंबरची पट्टी असायला हवी तिथे नुसता लाल-पिवळा थर. लपवलेला नंबर म्हणजे बनावट गाडी, हे त्यांचं पहिलं कलम.

“हे काय केलंय?” त्यांचा आवाज बदलला.

“कुंकू हाय,” आडतदार म्हणाले. “दर दसऱ्याला आमची आई तिथंच हळदकुंकू लावायची, वरून नारळाचं पाणी. आता सूनबाई लावते. पट्टी म्हंजी गाडीचं कपाळ, असं आई म्हणायची.”

रॉकेलचा बोळा घेऊन भाऊजी पंधरा मिनिटं घासत होते. एकेक अंक वर येत गेला. शेवटचा मी वाचला, कारण त्यांना तो दिसेना. कागदपत्रांशी जुळला. पट्टीचे खिळेसुद्धा मूळचे. भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी डिकीत डोकं घातलं आणि नाक मुरडलं.

“हिच्यातून कांदा गेलाय.”

“लासलगाव-विंचूरला कांदा न नेलेली गाडी दाखवा, तुमचा सत्कार करतो!”

ओला कांदा पत्रा खातो, हे भाऊजींना ठाऊक होतं, आडतदारांना ठाऊक होतं, आणि आता मलाही कळलं होतं. पावणेबारा वाजले. मी गोणपाट अंथरून गाडीखाली सरकले. वरून भाऊजी कलमं विचारत होते, मी उत्तरं देत होते, चौकोन भरत होते. मागचा तळ: ठीक. उजवीकडची दाराखालची पट्टी: ठीक. मग बॅटरी डावीकडे वळली. पुढच्या दाराखाली पत्रा पापडासारखा फुगला होता. बोटाने दाबला, बोट आत गेलं.

मला गाडीखालून दोनच गोष्टी दिसत होत्या: भाऊजींच्या चपला आणि दूर ताईच्या. दोन्ही हलत नव्हत्या. एक शब्द, आणि मुंबईचं गिऱ्हाईक गाडी घेऊन जाणार. मला ताईचं बोलणं आठवत होतं, आणि हातात यादीही होती.

“भाऊजी,” मी म्हटलं, “डावीकडचं...”

“डावीकडचं राहू दे.”

‘राहू दे’ हा शब्दप्रयोग या माणसाच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. मग लक्षात आलं, वरून चुंबक फिरवतानाही त्यांनी ती एवढी पट्टी सोडली होती. जे बेचाळीस कलमं झोपेत म्हणतात, ते एक कलम विसरतील हे शक्य नव्हतं.

“नुसतं बघून घ्यायचं होतं,” मी तरीही म्हणाले.

“तू बघितलंस ना? मग बास. बाहेर ये, कपडे खराब होतील.”

मी बाहेर आले तेव्हा ते आडतदारांचा हात हातात घेऊन उभे होते. ताईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली, “शेडमध्ये कांदा किती झोंबतोय!”

पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्याने त्या डाव्या पट्टीला नव्या पत्र्याचं ठिगळ जोडलं. भाऊजी त्या दिवशी मुद्दाम भाजी आणायला गेले आणि संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. त्यानंतरच्या रविवारी ताई भाऊजींच्या शेजारी बसून सायखेड्याला गेली, काच खाली करून, गावभर सगळ्यांना दिसेल इतक्या हळू.

आता गाडी मी चालवते. भाऊजी डावीकडे बसतात, बरोबर त्या पट्टीच्या वर. दार लावण्याआधी हात खाली नेऊन ठिगळावरून एकदा बोटं फिरवतात, झोपलेल्या नातवाच्या अंगावरून फिरवावीत तशी, आणि म्हणतात, “चल.” चुंबक आता ताई शिवणाच्या सुया गोळा करायला वापरते. यादी माझ्याकडे आहे, एक्केचाळीस खुणांची. परवा कपाट आवरताना सापडली, तेव्हा मी पेनचं टोपण काढलं, जरा वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, आणि टोपण परत लावून टाकलं.