मुखपृष्ठावरची कोळशाची इस्त्री

मासिकवाले दुकानात शिरले तेव्हा इस्त्रीवाल्या काकू वाफेच्या इस्त्रीनं सपासप शर्ट उरकत होत्या. मासिक शहरातल्या साध्यासुध्या जगण्याचा गौरव करणारं. साधेपणा त्यांना हवाच होता, फक्त तो फोटोत शोभायला हवा होता. संपादक समोरच्याच इमारतीत राहणारे, काकूंचं जुनं गिऱ्हाईक. इस्त्रीची वायर पाहून त्यांनी असं तोंड केलं, जणू दुधात माशी पडलीय.

"काकू, तुमच्या सासूबाईंची कोळशाची इस्त्री होती ना?"

"माळ्यावर आहे. पार गंजलीय."

"गंज तर हवाच!"

काकूही काही कमी नव्हत्या. फोटो म्हटल्यावर हरखून गेल्या. इस्त्री काढली, निखारे भरले, पदर सावरला. "अजून हिच्यावरच करता ना?" असं विचारल्यावर खुशाल मान डोलावली. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं, मान डोलवायला काय जातं!

अंक आला. मुखपृष्ठावर काकू, खाली मोठ्या अक्षरात 'निखाऱ्यांची सखी'. काकूंच्या नवऱ्यानं लेख शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ही बाई कोण गं?"

लोक रांग लावून येऊ लागले, पण काकूंसोबत फोटो काढायला. कपडे कोणी आणेना. शेजारच्या वकीलबाई तर दिलेला कोट परत न्यायला आल्या.

"कौतुकच वाटतं हो तुमचं, पण ठिणगी उडाली म्हणजे?"

काकूंनी विजेच्या इस्त्रीतून फुस्सकन वाफ सोडून दाखवली. वकीलबाई समजुतीनं हसल्या. "आता छापून आलंय, काकू. लपवता कशाला?"

फळ्या ओस पडल्या तशी काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान बसलं तर खायचं काय, मुखपृष्ठ? स्वतःचाही राग आला, पण संपादकांचा जास्त आला. त्या तडक मासिकाच्या कचेरीत गेल्या.

"माझी इस्त्री विजेची आहे, एवढं छापा."

"विजेची? अहो, ती घरोघरी असते. त्यात गौरव कसला करणार?"

"बरं, तुमचे शर्ट हल्ली कुठं असतात?"

संपादक ओशाळले. "कोपऱ्यावरच्या लाँड्रीत. बायको घाबरते हो. लेख वाचलाय ना तिनं."

"पण ती इस्त्री तुम्हीच काढायला लावलीत! सांगा की तिला!"

"सांगितलं असतं," संपादक हळूच म्हणाले, "पण वाचून रडली हो ती. माझं लिहिलेलं वाचून पहिल्यांदाच."