सुपेल्याच्या चौकात पोराचा मेटल अल्बम

मंगळवारी दुपारी भिलाईतल्या सुपेल्याच्या चौकात माझी गाडी बंद पडली... भर सिग्नलवर. मागे गाड्यांची रांग, बाजूला ऑटो, आणि आत कान फुटतील असं मेटल म्युझिक. पण तो दिवस माझ्या कायम लक्षात राहणार आहे, म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही भिलाईत सेक्टर १० ला राहतो. सासरे गोंदियाकडची शेती भावांवर सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले, त्यांच्यामागून माझे मिस्टरही तिथेच. घरची गाडी नेहमी हेच चालवायचे आणि मी शेजारी बसायची, पर्स मांडीवर घेऊन.

दिवाळीनंतर यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. शुगरमुळे पडद्यावर रक्त उतरलं होतं... इंजेक्शनं सुरू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. माझं लायसन्स होतं, पण काढल्यापासून ते कपाटातच. मग ठरवलं, आता चालवायचीच.

संध्याकाळी टाउनशिपचे रस्ते मोकळे असतात, तिथे प्रॅक्टिस सुरू केली. हे शेजारी. दिसत कमी होतं पण सूचना थांबत नव्हत्या... क्लच सोड, ब्रेक दाब, इतकी काहून वळवून राहिली? मी आणखीच चुकायची. शेवटी एक दिवस मी सरळ म्युझिक लावलं आणि आवाज वाढवला.

पेनड्राइव्ह मयूरचा होता. मयूर आमचा मुलगा, हैदराबादला नोकरी करतो, दिवाळीला आला तेव्हा गाडीत लावून गेला. व्हिडिओ गेममध्ये लढाई सुरू झाली की मागे जे म्युझिक वाजतं ना, ते त्याने आणि त्याच्या मित्रांनी मेटलमध्ये नव्याने बसवलंय. अख्खा अल्बम... गाणारा कोणी नाही, नुसत्या गिटार आणि ड्रम.

यांचं आणि मयूरच्या गिटारचं कधी जमलं नाही. शाळेत असताना गेम, कॉलेजात गिटार, यांना वाटायचं पोरगा हातचा गेला. एकदा फार टोचून बोलले, आणि तेव्हापासून तो खोलीचं दार लावूनच वाजवायचा. अल्बम आला तेव्हा त्याने लिंक मला पाठवली, यांना नाही. म्हणून गाडीत वाजतंय ते कोणाचं, हे मी यांना सांगितलंच नाही... उगाच विषय नको.

पण तो अल्बम माझ्या कामाला आला. सूचना ऐकू येईनात. हे थोडे दिवस कुरकुरले, मग खिडकीकडे तोंड करून गप्प बसायला लागले. आणि मला ते लढाईचं म्युझिक चक्क मानवलं... एक ट्रॅक आहे, सुरुवातीला दबकत चालतो, मग ड्रम एकदम धावत सुटतात. मी पहिल्यांदा चौथा गिअर टाकला तो त्याच्यावर.

मंगळवारी इंजेक्शनची तारीख होती. एरवी नेणारे यांचे मित्र बाहेरगावी गेलेले. मी म्हटलं, मी नेते. हे निघताना देवापुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले.

सुपेल्यात सिग्नल हिरवा झाला, मी क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद. पुन्हा स्टार्ट केली, पुन्हा बंद. मागून हॉर्नवर हॉर्न... एक बाइकवाला काचेवर थाप मारून काहीतरी बोलून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं धूसर झालं. म्युझिक तरी बंद करावं म्हणून हात पुढे केला.

यांनी माझा हात धरला.

"राहू दे," हे म्हणाले. "पोरगा वाजवून राहिला आपला. तू गाडी सुरू कर... मागच्याइले थांबू दे."

मी क्लच पूर्ण दाबला, श्वास घेतला, चावी फिरवली... आणि निघाली गाडी.

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं हा मयूर आहे? हे म्हणाले, त्यातली एक चाल तो रोज वाजवायचा. दार बंद असलं तरी बाहेर ऐकू यायचं. ड्यूटीवरून आलो की चपला काढता काढता थांबायचो थोडा... इतकं बोलले आणि आमचा नंबर आला.

इंजेक्शन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही, असे गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, मयूरले फोन लाव. मी स्पीकरवर टाकला. यांनी तब्येतीचं काही सांगितलं नाही. थेट विचारलं, तुझ्या त्या म्युझिकमध्ये दोन गिटार ऐकू येतात, त्यात तुझी कोणती?

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, आप सुन रहे हो वो?" मयूर म्हणाला. मग जरा सावरून, "लेफ्टवाली मेरी है... म्हणजे डावीकडच्या स्पीकरमधली. उजवीकडची मित्राची."

यांनी चाचपत हात खाली नेला आणि आपल्या बाजूच्या, डावीकडच्या दारातल्या स्पीकरवर ठेवला.

"म्हणजे इतके दिवस तू माह्याच बाजूनं वाजवून राहिला होता," हे म्हणाले.

मी फोन ठेवला आणि म्युझिक लावलं.

घरी येताना आम्ही दोघं नुसतं ऐकत आलो. डॉक्टर म्हणतात डोळ्यात सुधारणा आहे, वेळ लागेल... लागू दे. गाडी काही मी हौसेने शिकले नाही, वेळच तशी आली म्हणून शिकले. पण आज त्या वेळेचेही आभार मानावेसे वाटतात.