ठमाआत्या आणि टपावरची फळी

आज माझे हातपाय धड आहेत ते ठमाआत्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढची गोष्ट ऐकताना हसू येईल, आणि हसण्याच्या भरात तिचं नाव मागे पडायला नको.

कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तिची खानावळ होती. तांदळाची भाकरी, जवळ्याचं कालवण आणि शिव्या, तिन्ही गरम. मूळची तिथलीच, आगरी. शेती सरकारात गेली तेव्हापासून जगात मान देण्यासारखं तिला कोणी दिसलं नाही. कोणी कालवण जास्त मागितलं की म्हणायची, "तुज्या बापाची खाडी हाय का रं?" आणि वाटीभर मागितलं तर पळीभर जास्तच ओतायची.

मी बीडकडचा. सातवीत शाळा सुटली, पुढे ड्रायव्हर झालो. तिच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसलो त्या दिवशी घरच्या आठवणीने घास उतरेना. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मासा बगून रडतोस? मेलाय तो, तू नाय." मग तिने ताटातला मासा उचलला आणि वांग्याची भाजी वाढली. ती भाजी तिच्या स्वतःच्या जेवणातली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी ज्याची गाडी चालवायचो तो मुंबईचा धाकटा शेठ. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्याकडून त्याने व्हॅन घेतली होती. आत पलंग, शेगडी, पडदे, आणि टपावर एक लांबलचक टोकदार फळी. समुद्राच्या लाटेवर उभं राहायची. शेठला घोट्याएवढ्या पाण्यातही कापरं भरायचं, पण फळी टपावर पाहिजेच. सुट्टीच्या दिवशी आम्ही ती अलिबागला न्यायचो, शेठ वाळूत तिच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढून घ्यायचा आणि आम्ही ती कोरडीच परत आणायचो. दोऱ्या आवळायचं काम माझं. सुटून कोणाच्या डोक्यात पडली तर, या धास्तीने वाशीचा पूल ओलांडला की मी थांबून थांबून गाठी चाचपायचो. ठमाआत्या त्या फळीला 'शेठची बायको' म्हणायची. "उनात नेतो, पान्यात नेत नाय. नुस्ती मिरवतो मेला."

एका वर्षी दसऱ्याला गाडीची पूजा झाली. शेठच्या आईने हुकूम सोडला, "वरच्यालासुद्धा हार घाला." घातला, वर गुलाल टाकला. दुसऱ्या दिवशी निघताना शेठ म्हणाला, उन्हाने रंग उडतो, फळीला चादर गुंडाळ. चादर दिली ती पांढरी. आईसाहेब गॅलरीत उभ्या, म्हणून हार आणि गुलाल परत वरून. वाटेत लोक थांबून हात जोडत होते. दसरा झालाय, हार बघून नमस्कार करत असतील, असं मी समजलो.

कळंबोलीला जेवायला थांबलो. त्याच सकाळी तळोज्याच्या एका कारखान्यात काहीतरी फुटलं होतं आणि एक कामगार सापडत नव्हता. मालकाने प्रेत गुपचूप हलवलं, अशी आवई उठली होती. मी गाडीतून उतरतोय तोच कामगारांच्या घोळक्याने आम्हाला घेरलं. एकाने माझी कॉलर धरली. हरवलेल्याचा भाऊ होता तो, डोळे लाल.

"कोनाचं मढं नेतोस?"

"मढं नाही, फळी आहे."

"कसली फळी?"

"समुद्रात... उभं राहायची."

कानाखाली बसली. "माजा भाऊ मेला नि मस्करी करतोस?"

आणि माझा शेठ? त्याने काच वर घेतली आणि बोटभर फटीतून सांगितलं, "मला काही माहीत नाही. बांधलंय त्याने, त्याला विचारा." मग पडदाही ओढून घेतला. पडद्यावर बदकं होती. इतका हलका माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

कोणीतरी सळई उचलली. पण हार घातलेल्याला हात लावून बघायला कोणी धजत नव्हतं. तेवढ्यात मासळीचा कोयता घेऊन ठमाआत्या आली.

"बाजूला व्हा! एवढे बाप्ये, वर चडायची एकाची छाती नाय. एकट्याला मारायला बरी छाती होते!"

लुगडं खोचून ती मागच्या शिडीने टपावर गेली. कोयत्याने दोरी तोडली, चादर फाडली आणि फळीवर मूठ आपटली. "आयकलं? मढं असं वाजतं का?" मग तिने फळी उलटी केली. खालून माशाच्या परासारखं सुकाणू वर आलं. "आनि यो बगा शेपूट! तुमच्यात मेल्यावर शेपूट फुटतं का रं?"

मागे कोणीतरी हसलं. भाऊ हसला नाही. माझी कॉलर सोडून तो मटकन खाली बसला. आत्याचा आवाज जरा उतरला. "तुजा भाऊ हितं नाय, म्हंजे अजून कुटं तरी हाय. पनवेलच्या दवाखान्यात बगितलंस? नाय? मंग हितं काय हार हुंगतोस?" खाली उतरून तिने काचेवर कोयत्याची मूठ ठोकली. "शेठ, उतरा. गाडी लागते."

शेठ उतरला. मी त्या भावाला घेऊन पनवेलला गेलो. चेहऱ्याला पट्ट्या बांधलेला त्याचा भाऊ खाटेवर होता. जिवंत होता.

परत आलो तर फळी शेडच्या भिंतीला टेकलेली आणि आत्याने शेठला लसूण सोलायला बसवलेलं. सोललेला लसूण दाखवून ती मला म्हणाली, "हे पन जमत नाय त्याला."

शेठने दुसऱ्याच दिवशी मला काढलं. आत्याने यार्डातल्या एका ट्रकमालकाला सांगितलं, "ह्याला ठेव. हुशार नाय, पन पलत नाय." त्या शब्दावर लागलेली नोकरी अजून चालू आहे.

आता तिची शेड गेली. ती उरणला लेकीकडे असते, दोन्ही डोळ्यांत मोती उतरलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की उसळते. "डोलं बरं झालं त परत तुमची थोबाडं बगायला लागतील!"

लेकीशी माझं बोलणं झालंय. एक दिवस तिला उचलून गाडीत बसवीन आणि डॉक्टरकडे नेईन. वाटभर शिव्या देईल, देऊ दे. पट्टी सुटेल तेव्हा मी समोर उभा असणार. पहिलं थोबाड तिला माझंच बघायला लागेल.