फुगलेले खण

संशय हा माझा स्वभावच. साठच्या दशकात मी नंदुरबारच्या एका दवाखान्यात पेशंटांची कार्डं सांभाळायची, तेव्हा तो फार कामी यायचा.

पेशंट तेवढेच, आजार तेच, पण कार्डांच्या एका खणाचे तीन झाले. तेही इतके ठासून भरलेले, की बोट शिरेना. एक कार्ड शोधेपर्यंत रांग बाहेरच्या लिंबाच्या झाडापर्यंत जायची. मग आमचे कंपाउंडर वैतागायचे, "नवं करी टाका ना, ताई."

कंपाउंडर भला माणूस, असं सगळे म्हणत. सगळे म्हणतात तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. खोट्या कार्डांवर औषधं काढून हा गृहस्थ बाहेर विकतोय, अशी माझी खात्रीच झाली. मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली.

एकदा सारंगखेड्याकडची एक बाळंतीण तापाने फणफणत आली. सोबत सासू. सासूपुढे सून तोंड कसली उघडतेय? नाव सासूनेच सांगितलं. कार्ड सापडेना, म्हणून कंपाउंडरांनी नवं लिहिलं. आणि ती बाई, कुणी न सांगता, इंजेक्शनच्या खोलीबाहेर जाऊन बसली. नवी पेशंट, आणि हिला खोली ठाऊक? आता सापडली चोरी, म्हटलं. सासूला पाणी आणायला पिटाळलं आणि बाईला विचारलं, "आधी आली होतीस ना इथं?"

"लगीनना पहिले," ती पुटपुटली. "भाऊ लई येल व्हता."

लग्नाआधी भाऊ घेऊन आला होता, आणि लग्नात नाव बदललेलं. तिचं माहेरचं नाव विचारून मी खण उपसायला लागले. तेवढ्यात तिला आत बोलावलं. जुनं कार्ड हाती लागलं, त्यावर लाल शाईत लिहिलेलं: पेनिसिलिन देऊ नये. मी ओरडतच धावले. डॉक्टरांनी सुई भरून हातात घेतली होती. कार्ड वाचून त्यांनी पेनिसिलिनची ती सुई तशीच खाली ठेवली.

मग कंपाउंडरांनी आणि मी मिळून सगळे खण रिकामे केले. एकेका बाईची माहेरची, सासरची अशी वेगवेगळी कार्डं. सोबत जो आला त्याने सांगितलं ते नाव. शिवाय मेलेल्यांचीही. ती काढणं अभद्र, म्हणून कुणी हातच लावला नव्हता. चोरी मात्र कुठेच नव्हती. त्या दिवसापासून माहेरचं नाव विचारल्याशिवाय नवं कार्ड करायचं नाही, असं ठरलं. मेलेल्यांची कार्डं वेगळ्या पेटीत गेली. रांग लिंबाच्या अलीकडेच संपू लागली.

माझी पाळत कंपाउंडरांच्या केव्हाच ध्यानात आली होती. खण परत लावताना ते खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही मन्हावर शक कया नसता, तं ती बाई मरी जाती. आते राग तरी कसा धरू मी?"