घरी जाऊन आलास का

निसीम पेणकर आणि मी रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं फिटर होतो, एकाच शिफ्टला. पाइप कुठे गळतोय हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. बाकी सगळ्यात त्याचा गोंधळ. चष्मा कपाळावर आणि हा घरभर चष्मा शोधतोय, असा माणूस. त्याचे वडील रूबेन आणि मोठी बहीण हन्ना शहाऐंशी साली इस्रायलला गेले. हा एकटाच मागे राहिला. "नुकताच पर्मनंट झालो होतो रे प्रवीण," एवढंच कारण तो मला कायम सांगत आला.

वडील दर शुक्रवारी फोन करायचे आणि न चुकता विचारायचे, "मळ्यातल्या घरी जाऊन आलास का?"

निसीम म्हणायचा, "हो बाबा, जाऊन आलो."

तो एकदाही गेला नव्हता. ते घर कुठे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो दीड वर्षाचा असताना वडिलांनी घर विकून मुंबई गाठली होती. पहिल्या फोनला बोलण्याच्या ओघात 'हो' म्हणून गेला, मग पुढे पत्ता कोणत्या तोंडाने विचारणार? त्या एका 'हो'वर या गृहस्थाने पस्तीस वर्षं काढली. मला सांगितलं तेव्हा मी त्याला चांगला झापला होता. तेव्हाच बोलता बोलता त्याने आणखी एक सांगितलं. धाटावला नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, "म्हणजे घरीच चाललास की!" मुंबई सोडून मागे चाललास, असा तो टोमणा आहे असं निसीमने धरलं आणि तो आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. जाताना हन्नाला म्हणाले, मळ्यातल्या घराकडचा एक दगड आणून माझ्या कबरीवर ठेव. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू; त्यांच्यात कबरीवर फुलं वाहत नाहीत, दगड ठेवतात. म्हणून डिसेंबरात हन्नाताई आली, बरोबर तिची मुलगी तामार. तामार पस्तिशीची, डोंगर चढायचं वेड असलेली, पाठीवर ही एवढी सॅक. मराठी आजोबांकडून शिकलेली, म्हणून जुन्या वळणाची. ती म्हणाली, "आजोबांचे वडील तेलाचे डबे वाहून पायी बाजारास जात. आपणही पायीच जाऊ. कुठून निघायचे, मामा?"

"पेण," मामा म्हणाला.

का, तर आडनाव पेणकर! त्यांच्यात आडनावं गावावरून पडतात हे खरं, पण ते कोणत्या पिढीत पडलं, मधे किती गावं झाली, याचा काही पत्ता? पण बहिणीसमोर 'माहीत नाही' म्हणायची हिंमत नव्हती. बुधवारी पेणहून निघून, वाटेत घर शोधत, शुक्रवारी रोह्याला पोचायचं ठरलं. मला सोबत घेतलं. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारलं नाही.

हन्नाताई घर सोडताना सहा वर्षांची होती. तिला नदी आठवत होती, आणि दारात चिंच. आता रायगडात नदी आणि चिंच कोणत्या गावात नाही? पेणला आम्ही दुपारपर्यंत नुसते गोल गोल फिरलो. मग तामारने सरळ लोकांना विचारायला सुरुवात केली, "इथे शनवारतेल्यांचे घर कुठे होते?" त्यांच्या पूर्वजांना कोकणात हेच म्हणायचे. घाण्यावर तेल काढणारे, आणि शनिवार हा धर्माने विसाव्याचा दिवस म्हणून घाणा बंद ठेवणारे.

गडबला एका दुकानदाराने छातीवर हात मारून सांगितलं, "आमच्याच गावात! ह्यो बघा घाण्याचा दगड." हन्नाताईने त्याचा कपचा रुमालात बांधला. निसीमने मान डोलावली, "हेच, हेच." दुसऱ्या दिवशी नागोठण्याच्या पुढे एका म्हाताऱ्याने तितक्याच खात्रीने दुसरा दगड दाखवला. हन्नाताईने त्याचाही कपचा घेतला, निसीमने तिथेही मान डोलावली. त्या दगडावर धुणं आपटत असलेल्या बाईने आम्हाला वेड्यात काढलं.

शुक्रवारी सकाळी हन्नाताईने दोन्ही कपचे रस्त्याच्या कडेला मांडले. "निसीम, यातला कुठला?"

"रस्ते बदललेत गं ताई. हायवे झाला, ओळखू येत नाही."

"तू तर नेहमी जायचास ना? बाबा सगळ्यांना सांगायचे, माझा मुलगा घरी जाऊन येतो म्हणून. मी चुकीचा दगड त्यांच्या डोक्याशी ठेवू का?"

तो सॅकचा पट्टा घट्ट करत राहिला. पुढचे चार तास चौघंही चालत राहिलो. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

रोहा ओलांडून कुंडलिकेच्या काठाने आम्ही निसीमच्या घराकडे, धाटावच्या दिशेने निघालो. वाटेत कातकरवाडीतली पारी लाकडांची मोळी टेकून बसली होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मी तिला तीस वर्षं येता-जाता पाहत होतो. तामारने सवयीने तिलाही विचारलं.

"शनवारतेली?" पारी म्हणाली. "मीच पेटवायची की त्यांची चूल. शनवारी ती मानसं इस्तवाला हात लावीत नसत. मी पोर व्हती. सकाळी जायची, चूल पेटवायची, मंग मला भाकर मिलायची. रुबनशेट तेली. त्याची हनी माज्या मागं मागं यायची, मला फुंकू दे म्हनून."

हन्नाताई तिथेच मातीत बसली. "बांबूची फुंकणी होती," ती हळूच म्हणाली. "तू मला द्यायची नाहीस."

पारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुजे केस जलले असते गो!"

"घर कुठे आहे?" तामारने विचारलं.

पारीने हात केला. "तेल्याचा मला व्हता तितं, भाजीचा. कंपनी आली, सगला गेला. त्या भिंतीच्या आत, मोठी टाकी हाय ना, तितं."

ती आमचीच कंपनी होती. त्या टाकीचे व्हॉल्व्ह निसीमने आणि मी किती वेळा बदलले याची गणती नाही. वर्षानुवर्षं हा पठ्ठ्या तिथेच जात होता. रविवार मोकळा मिळावा म्हणून शनिवारची शिफ्ट मागून घेत होता.

निसीमने सॅक खाली टाकली. "ताई, मी बाबांना खोटं सांगत आलो. मी कधी घर शोधलंच नाही. म्हणाले होते ते, घरीच चाललास म्हणून. मला कळलंच नाही गं." आणि तो रडायला लागला, रस्त्यात, मोठ्याने. मीही रडलो.

गेटवरच्या नव्या वॉचमनने पासशिवाय आत सोडलं नाही. निसीमने भिंतीच्या बाहेर, टाकीच्या अंगाला, मातीतला एक दगड उकरला. साधा काळा दगड, मुठीत मावेल एवढा. हन्नाताईने आधीचे दोन्ही कपचे तिथेच ठेवले आणि हा घेतला.

"तू खोटं नाही बोललास," ती म्हणाली. "रोज जाऊन येत होतास."

निसीमने नुसती मान हलवली. ते त्याला पटलं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

ऊन उतरायला लागलं होतं. पारीने मोळी डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि वळली.

"हनी, आज शुक्रवार ना? मंग सकाली येऊ का चूल पेटवाया?"

निसीमच्या घरी गॅस आहे. त्याने आयुष्यात कधी शनिवार पाळलेला नाही.

"ये गो पारी," तो म्हणाला. "लवकर ये."