टाचण्या तोंडातच राहतील

माझी मावशी शिंपीण. चाळीस वर्षं ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या धरून काम करत आली, म्हणून गिऱ्हाइकं तिला टाचणीबाई म्हणतात. तोंडात टाचण्या असल्या की ती फक्त ‘हं’ म्हणते, आणि त्या ‘हं’चा अर्थ एकच: हलू नका. भलेभले हललेले नाहीत. मी तिच्या दुकानात काजं-बटणं करते, मीही हलत नाही.

एके दिवशी टाचणी ओठाला लागली आणि तिच्या डाव्या गालातून वीज गेली. मावशीच्या हातून कात्री पडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढे वारा लागला तरी झटका, दात घासले तरी झटका, घास चावला तरी झटका. दातांच्या डॉक्टरने दोन चांगल्या दाढा उपटल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! दाढा गेल्या, दुखणं जागच्या जागी. मावशीने त्या दाढा मागून आणल्या आणि बटणांच्या डबीत ठेवल्या. “पुरावा आहे,” म्हणाली. मला आजही त्या माणसाचा राग येतो. तिचं तर विचारूच नका.

दुखणं चेहऱ्याच्या नसेचं आहे हे कळायला दोन वर्षं गेली. मग गोळ्या. त्यांनी दुखणं झोपायचं, पण मावशीही झोपायची, आणि मशीनवर टीप नागमोडी जायची. तिचा मुलगा मनाने वाईट नाही, पण त्याला घाई फार.

“आई, पुरे आता. मशीन विकू, दुकान बंद करू.”

“मी मेले का?”

“असं कोण म्हणालं?”

“मग मशीनला हात लावू नकोस.”

शेवटी तह झाला. मोठ्या इस्पितळात रेडिओसर्जरी करायची. तीन महिन्यांत मावशी पहिल्यासारखी कामाला बसली तर दुकान राहील, नाहीतर ती स्वतःच मशीन विकेल.

तिथल्या डॉक्टरबाई वयाने लहान, पण बोलणं सरळ. “चिरफाड नाही, काकू. बारीक किरण चहूबाजूंनी नसेच्या मुळाशी एका बिंदूवर सोडायचे.”

“टाके किती?”

“एकही नाही.”

“मग सर्जरी कसली?”

डॉक्टरबाई हसल्या, पण पुढचं त्यांनी लपवलं नाही. गुण यायला आठवडे लागतात, कधी महिने. काहींना येतच नाही, काहींचं दुखणं वर्षांनी परत येतं. आणि गाल बधिर होऊ शकतो.

“बधिर परवडला,” मावशी म्हणाली.

डोकं जागचं हलू नये म्हणून कातडीला भूल देऊन चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवली. मावशीने आरसा मागितला. “चौकट डावीकडे एक सूत खाली आहे.”

“मशीन ते मोजून घेतं, काकू. तुम्ही फक्त हलू नका.”

हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत असावं. किरण देऊन झाले, चौकट निघाली आणि संध्याकाळी ती घरी आली.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, दीड महिना गेला. झटके तसेच. मावसभाऊ मशीन बघायला माणूस घेऊन आला. मावशीने त्या माणसाला मशीन चालवून दाखवलं आणि स्वतःचा गाल धरूनच परत पाठवलं. “तीन महिने ठरलेत.” दुखणं येतं हत्तीच्या पावलाने आणि जातं मुंगीच्या. नवव्या आठवड्यात ती पंख्यासमोर बसून पोटभर जेवली. मी रडले. ती नाही. “रडतेस काय, काजं कर.”

पण दुसऱ्याच दिवशी तोंडातली एक टाचणी डाव्या ओठात घुसली आणि तिला कळलंच नाही. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा थेंब पडला तेव्हा दिसली. अर्ध्या ओठाला स्पर्शच कळत नव्हता. मावसभावाने मनगटावर बांधायची टाचण्यांची गादी आणून दिली. “ही वापर. तोंडात धरणार असशील तर दुकान बंद.”

त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण मावशीला ती हार वाटली, आणि मला विचाराल तर मलाही. तिने टाचण्या उजव्या कोपऱ्यात धरायला सुरुवात केली. चाळीस वर्षांची सवय मोडायची! दहा दिवस टाचण्या जमिनीवर, माझ्या तळपायात, एकदा गिऱ्हाइकाच्या बुटात. अकराव्या दिवशी एकही पडली नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी कागद पुढे घेतला. “दुखणं?”

“नाही.”

“गोळ्या?”

“तुम्ही सांगितल्या तशा अर्ध्यावर आणल्यात.”

“बधिरपणा? त्रासदायक, की त्रास नाही?”

मावशीने कागद स्वतःकडे ओढला. “काम करता येतं का, ते कुठे विचारलंय यात?”

“तो रकाना नाहीये, काकू.”

“मग आखा.”

“आई, अगं...” मावसभाऊ म्हणाला. “डॉक्टर, हिला जरा सांगा, आता दुकान झेपायचं नाही.”

मावशीचं लक्ष डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटाकडे होतं. खालची तुरपाई वीतभर उसवून लोंबत होती. “उभ्या राहा,” ती म्हणाली. पिशवीतून चार टाचण्या काढून तिने उजव्या कोपऱ्यात धरल्या आणि गुडघ्यांवर बसली.

“काकू, अहो, ओठ बधिर आहे, तोंडात टाचण्या नकोत—”

मावसभाऊही पुढे झाला.

“हं,” मावशी म्हणाली.

डॉक्टरबाई हलल्या नाहीत. मावसभाऊही नाही.