पॅटिओतला हिमेजी

मीटिंगमध्ये होतो, तेवढ्यात वैशालीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. सुधीर उठतच नाहीये." पोचलो तेव्हा अँब्युलन्सवाले सामान आवरत होते. चाळिशीही न गाठलेला माणूस, झोपेतच हार्ट अटॅक. सहा आठवडे होऊन गेले... मला अजून त्याचा राग येतो. असं न सांगता जातं का कुणी?

सुधीर कराडचा, मी नागपूरचा. इथे परदेशात, सांता क्लारातल्या आमच्या ऑफिसात आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. त्याला किल्ल्यांचं भयंकर वेड, आणि मला चढ म्हटलं की कंटाळा. २००७च्या उन्हाळ्यात कंपनीने दोघांना ओसाकाला पाठवलं. रविवारी मस्त ताणून द्यायची म्हणून मी पडलो होतो, तर या पठ्ठ्याने पांघरूणच ओढलं. "ऊठ यार, हिमेजीचा किल्ला बघायचाय!"

पहिल्या पायरीला हात लावून त्याने नमस्कार केला, रायगडावर करतात तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आमच्या म्हाताऱ्या गाइडबाईंनी ते पाहिलं, आणि त्याही कमरेतून वाकल्या. मग सगळी माहिती त्यालाच. मी आपला दारात काढलेल्या बुटांची पिशवी सांभाळत, धापा टाकत मागे. वरच्या मजल्यावर बाई थांबल्या. महायुद्धात विमानांनी हे सगळं शहर जाळलं, म्हणाल्या. इथे वरही एक बॉम्ब पडला, पण तो फुटला नाही. सकाळी लोकांनी मान वर केली, तर किल्ला जागच्या जागी. "आमचं घर गेलं होतं. तरी किल्ला बघून आई रस्त्यात बसून रडली."

परतीच्या गाडीत सुधीर म्हणाला, "या दिवाळीत आमच्या ईशाला हाच किल्ला करून देणार."

"अरे, दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बसतात. जपान्यांच्या किल्ल्यावर बसवणार त्यांना?"

"पाहुणे म्हणून जातील की! तुझं काय जातंय?"

ऑक्टोबरात त्याने पॅटिओत, घरामागच्या मोकळ्या फरशीवर, विटा-माती रचली. तीन मजले झाले. उतारावर मोहरी पेरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. दिवाळीत त्या घरात पणती लागली नाही. मोहरी मात्र उगवली. आठ वर्षांची ईशा शाळेत जाण्याआधी वाटीने तिला पाणी घालायची.

व्हिसा सुधीरच्या नोकरीवरचा. तो गेला आणि मायलेकींचा इथे राहायचा हक्कही गेला. धड रडायलाही सवड मिळू नये माणसाला? वहिनी डोळे पुसत खोकी भरत होत्या. कराडला निघताना ईशाने माझी बाही धरली. "काका, यू हॅव टु वॉटर इट. एव्हरी डे." मी कबूल केलं.

काल त्यांचं अपार्टमेंट रिकामं करून किल्ली परत द्यायची होती. किल्ला मीच फोडला. माती पिशव्यांत भरत होतो, तोच कराडहून फोन आला.

"काका, डिड यू वॉटर इट?"

"हो गं राणी, घातलं."

"हाऊ टॉल इज इट नाऊ?"

रिकाम्या फरशीवर मी चिखलाचा हात उभा धरून बघितला. "वीतभर झालीय," म्हणालो.